किती खोल गेलं म्हणजे कळत नाही

(शिरूर तालुक्यातल्या एका गावचं शिवार, कारेगावच्या अंगाला. टेकाडावरच्या रानात अनुपमा कमरेएवढ्या खड्ड्यात उभी आहे. तिचे वडील हौसराव बांधावर.)

हौसराव : वर ये म्हणतोय ना. येणारी-जाणारी बघत्यात.

अनुपमा : बघू देत. आण्णा, ती टेप द्या खाली. तुमच्या पायापाशीच आहे.

हौसराव : एमेस्सी करून खड्डंच खणायचं हुतं, तर हितं खणणारं काय कमी हुतं? जेसीबीवाला आठवी नापास हाय, त्याला शोभतं तरी.

अनुपमा : टेप, आण्णा.

हौसराव : घे. मोज काय मोजायचं ते, आन् बुजव लगेच. मल्हारी आज निघायचाय मेंढरं घिऊन. तुझी आई शिधा बांधून बसलीय त्याच्यासाठी.

अनुपमा : मामा निघायच्या आतच मला हे उरकायचंय. इकडे बघा. वरची ही काळी माती, वीतभर. ही आपल्या रानातली आहे?

हौसराव : मग काय आठवडी बाजारातनं आणली?

अनुपमा : नदीकाठची आहे. हिच्यात बारके शंख आहेत, पाण्यातल्या गोगलगाईंचे. हे रान टेकाडावर आहे. घोड नदी इथे कधी चढली नाही आणि चढणारही नाही.

हौसराव : आणली की मग. म्या आणली. मुरमाची खाण हुती हितं, त्यात तू लहानपणी बेडूक धरायचीस. तो खड्डा भरून घेतला, लेव्हल केली, वर चांगली माती पसरली. गुन्हा केला?

अनुपमा : वर काळी माती, खाली पिवळा मुरूम. आणि मधे हे काय आहे?

हौसराव : काय हाय?

अनुपमा : हा हिरवट-निळा थर. आंबट ताक ठेवून कळकलेल्या तांब्यासारखा.

हौसराव : चोपण आसंल, खारवट माती.

अनुपमा : चोपण रंगानं असं नसतं. आणि त्याला अशी सुरीनं कापल्यासारखी कड नसते. मी हात लावत नाहीये बघा, हातमोजे घातलेत. मागच्या खेपेला यातलं मूठभर पुण्याला नेलं होतं. आमच्या लॅबमध्ये मशीनवर लावलं. तांबं निघालं, आण्णा. तांबं आणि निकेल. इतकं, की पहिल्यांदा मला वाटलं मशीन बिघडलंय. दुसऱ्यांदा लावलं.

हौसराव : तांबं म्हंजी चांगलंच की. डाळिंबावर मोरचूद मारतोच ना आपुन.

अनुपमा : मारतो. खात नाही.

हौसराव : माती कोण खातंय?

अनुपमा : मेंढरं. उन्हाळ्यात खालची ओल वर चढते आणि येताना क्षार घेऊन येते. तिकडे बघा, त्या ढेकळांवर पापडी धरलीय, थोडी हिरवी मारतेय. मेंढरांना खारं लागलं की ती चाटत बसतात. मल्हारीमामांची मेंढरं आपल्या जुन्या गोठ्याची भिंत चाटायची, तुम्हीच दाखवलं होतंत मला.

हौसराव : तांब्यानं जनावर मरत आसतं तर माझ्या गाई कवाच मेल्या आसत्या.

अनुपमा : गाईला सोसतं, शेळीलाही पुष्कळ सोसतं. मेंढीला नाही सोसत. तिच्या यकृतात साठत राहतं, वरून काही दिसत नाही, आणि मग एकदम फुटतं. डोळे पिवळे पडतात. मूत कॉफीसारखं होतं. मल्हारीमामांनी मला त्यांच्या मेंढरांचं शब्दन् शब्द हेच सांगितलं.

हौसराव : ती ज्वारीनं मेली. कोवळं फुटवं खाल्लं. अख्ख्या गावाला ठावं हाय.

अनुपमा : फुटव्याचं विष असं नसतं. त्यानं मेंढरू तासाभरात पोट फुगून पडतं. ही चार-चार दिवस कुढत मेली. निम्मा कळप गेला, आण्णा.

हौसराव : डॉक्टर हायेस का तू?

अनुपमा : नाही. म्हणून जनावरांच्या डॉक्टरांना विचारलं. दोघांना. आता तुम्हाला विचारते. हे इथे आलं कसं?

हौसराव : तू आधी वर ये. हात दे.

अनुपमा : नको, मी इथेच बरी आहे. सांगा.

हौसराव : पृथ्वीचा डंपर.

अनुपमा : दादाचा?

हौसराव : कुठल्या तरी कारखान्याचा चिखल हाय. कुठला ते इचारू नको, मला बी त्यानं सांगितलं न्हाई. तो लांब न्यावा लागतो. तिथं पास, कागद, पावती, सतरा भानगडी. दोन-दोन दिवस गाडी रांगेत उभी ऱ्हाती. हितं आपला खड्डा मोकळा पडलेला. त्याचा बी वेळ वाचला, आपलं बी रान झालं.

अनुपमा : कधी?

हौसराव : मागल्या दसऱ्याच्या आत. पाऊस उघडल्यावर.

अनुपमा : म्हणजे गणपतीनंतर.

हौसराव : व्हय. नंतरच.

अनुपमा : गौरी जेवल्या, त्या संध्याकाळी मी घरी होते.

हौसराव : हुतीस की. तुझ्यासाठी आईनं पुरण जास्तीचं घातलं हुतं.

अनुपमा : तुम्ही टीव्ही बंद केलात त्या संध्याकाळी. बातम्या लागल्या होत्या आणि तुम्ही मधेच बंद केल्या. मला म्हणालात, ‘अनू, तू शिकती ते काय हाय, मला सांग की एकदा.’ मी कॉलेजात गेल्यापासून पहिल्यांदा.

हौसराव : बाप हाय मी. इचारू नये?

अनुपमा : मी काय सांगितलं, आठवतंय?

हौसराव : सगळं आठवतंय. तू म्हणालीस, समज, माणूस उद्याच्याला संपला. तर घरं पडत्याल, झाडं रस्ता फोडून वर येत्याल, धरणं गाळानं भरत्याल. लाखभर वर्षांत नद्या जागा बदलत्याल. कोटी-दोन कोटी वर्षांनी कुणी आलं, तर हितं शिरूर हुतं, तिकडं दौंड हुतं, रेल्वेचं जंक्शन हुतं, त्याला काय बी कळायचं न्हाई. आन् तू म्हणालीस, मग आपल्या आधी कुणी असंच नांदून गेलं आसलं तर ते आपल्याला तरी कसं कळावं?

अनुपमा : गौरीपुढची रांगोळी उरली होती ताटात. मी त्यात बोटानं घाट काढला. काळा खडक, मधे लाल पट्टा, परत काळा खडक.

हौसराव : लाल पट्टा म्हंजी त्या वेळची जमीन. वरनं लाव्हा आला आन् ती इटंवानी भाजून निघाली. साडेसहा कोटी वर्सं झाली त्याला. बघ, ध्यानात हाय का न्हाई? तिच्यावर कुणाची गावं आसती, तरी भाजून गेली म्हणायची.

अनुपमा : मी म्हटलं होतं, माणसं नव्हती तेव्हा. पण असती तरी तो पट्टा बघून सांगता आलं नसतं.

हौसराव : तेच.

अनुपमा : आणि मग तुम्ही विचारलंत, ‘किती खोल गेलं म्हंजी कुणाला कळत न्हाई?’

हौसराव : आता ते कशाला काढती?

अनुपमा : मी रात्रभर त्या प्रश्नाचा विचार केला. माझ्या पीएचडीचा विषय त्यातनं ठरला. डिसेंबरात मुलाखत झाली, समोर पाच जण बसलेले. मी सांगितलं, हा प्रश्न माझ्या वडिलांचा आहे, ते शेती करतात, त्यांनी पुरणपोळी खाता खाता विचारला. त्यातले एक सर चष्मा काढून म्हणाले, ‘तुमच्या वडिलांचं डोकं शास्त्रज्ञाचं आहे.’ मी पुण्याहून शिक्रापूरपर्यंत एसटीत हसत होते. शेजारची बाई विचारायला लागली, काय झालं गं?

हौसराव : मला कवा सांगितलं न्हाईस हे.

अनुपमा : प्रवेश पक्का झाला की सांगणार होते. तुम्ही त्या संध्याकाळी खड्ड्याचं माप घेत होता, आण्णा.

हौसराव : तसं न्हाई गं. दोन्ही हुतं. तू बोलत हुतीस ते ऐकाया ग्वाड बी वाटत हुतं.

अनुपमा : त्यातलं आधी काय होतं?

हौसराव : आता आधी आन् मागं...

अनुपमा : सांगा ना. टीव्ही बंद करताना मनात काय होतं?

हौसराव : खड्डा.

अनुपमा : बरं.

हौसराव : पर मग ऐकत बसलोच की. आई जेवाया बोलवत हुती, तरी उठलो न्हाई.

अनुपमा : पुढचं ऐकलंत का? मी म्हटलं होतं, वस्तू राहत नाहीत, रसायन राहतं. जे धातू निसर्गात एका जागी येत नाहीत, ते एका जागी सापडले, तर कोटी वर्षांनीसुद्धा शोधणारा म्हणेल, इथे कुणीतरी होतं.

हौसराव : ऐकलं. तू म्हणालीस, नखाएवढा थर ऱ्हातो. मी मनात म्हणलं, नखाएवढा तर कोण बघाया बसलंय? मला धीर आला.

अनुपमा : तो कोटी वर्षांनंतरचा नखाएवढा! वर शेकडो फूट गाळ बसून, दाबून दाबून उरलेला! आज तो दोन फूट आहे. ही टेप बघा. दोन फूट चार इंच. आणि तोही इथे टिकायचा नाही, कारण टेकाड झिजतं. पावसानं उतरेल, घोड नदीत जाईल, तिथनं भीमेत, भीमेतनं उजनीच्या गाळात जाऊन बसेल. टिकला तर तिथे टिकेल. आपलं घर नाही टिकायचं, गावचं देऊळ नाही, हे टिकेल.

हौसराव : आगं, पर तू तर म्हणालीस माती सगळं खाती...

अनुपमा : मी कोटी वर्षांचं सांगत होते आणि तुम्ही फेब्रुवारीत त्याच्यावर मेंढरं बसवलीत.

हौसराव : वरनं माती मेल्यावानी दिसत हुती. मेंढरं बसली, लेंडी-मूत पडलं, म्हंजी जित्ती झाली आसती. सगळी बसवत्यात. मी काय वाईट चिंतून बोलावलं का मल्हारीला?

अनुपमा : आणि पहिलं मेंढरू मेलं तेव्हा?

हौसराव : तवा पृथ्वीला फोन लावला. तो म्हणाला, गप बसा. त्याच्या घरात लेकरू येणार हाय, अनू. कुणी तक्रार केली तर डंपर जातो, वर केस. मल्हारीचं मी बघतो. दिवाळीपातुर त्याला कोकरं घिऊन देतो की. मेलेल्या मेंढरांना ज्वारीनं मेली काय आन् कशानं मेली काय. ज्वारी म्हणलं की मिटतं.

अनुपमा : रतनमामींचं मिटलं नाही.

हौसराव : ते नवरा-बायकोचं हाय. हुईल नीट.

अनुपमा : मामा चार माणसांत त्यांना म्हणाले, तू माझा वाडवडलांचा कळप खाल्लास. पहिलं मेंढरू दुखण्याला लागलं त्या दिवशी कळपामागे त्या होत्या एवढंच. आता भावाच्या दारात बसल्यात केंदूरला, आणि मामा आज त्यांना न घेताच दौंडाकडे निघालेत. चूक त्यांची नाही, हे या गावात दोनच माणसांना माहीत होतं. तुम्ही आणि दादा.

हौसराव : हळू बोल. तो बघ, आला. अनू, तुझ्या पाया पडतो, बुजव ते. निदान तो जाईपातुर...

मल्हारी : ओ आण्णा! ताईला जिमिनीत पुरताय का काय जित्तं?

हौसराव : ये मल्हारी. पोरीचा अभ्यास चाललाय. झाली तयारी?

मल्हारी : तयारीला ऱ्हायलंय काय? घोड्यावर बिऱ्हाड लादलं, वहिनींनी शिधा दिला, झालं. मेंढरं ओढ्याच्या कडंला थोपवल्यात. म्हणलं, आण्णाला रामराम घालून यावं. ताई, इतकं शिकून बी तुम्ही दगूड-मातीच गोळा करता? आमची म्हातारी म्हणायची, येड्याला बी हेच काम येतं.

अनुपमा : तुमची म्हातारी बरोबर म्हणायची. मामा, केंदूरला जाऊन मामींना घेऊन जाणार ना?

मल्हारी : केंदूर उलट्या अंगाला ऱ्हातं, ताई.

अनुपमा : एका दिवसाची वाट.

मल्हारी : वाटंचं न्हाई. ऱ्हाऊ द्या तिला भावाकडं. मेंढरं मोजाया बसलो की अजून टकुरं फिरतं. कळपाच्या म्होरं चालणारा बकरा गेला, त्याच्या मागची समदी येडी झाल्यात. ओढा आला की उभीच ऱ्हात्यात. पुढं कुणी व्हावं, त्यांचं त्यांना कळत न्हाई.

अनुपमा : मामींनी मेंढरं फुटव्यात घातली, हे तुम्ही पाहिलंत?

मल्हारी : म्या कारेगावला दळाण घिऊन गेलो हुतो त्या दिशी. रतन एकलीच हुती मागं.

अनुपमा : मग फुटव्याचं तुम्हाला कसं कळलं?

मल्हारी : मला कुठलं कळतंय? मी आपला रडत बसलो हुतो, देवीचा कोप का काय म्हणून. आण्णाच म्हणलं, मल्हारी, बांधापल्याड ज्वारीचा खोडवा फुटलाय, बाईमाणसाचं ध्यान नसतं. तवा माझ्या डोक्यात उजेड पडला.

अनुपमा : आण्णा?

हौसराव : अंदाज सांगितला मी. त्यानं इचारलं म्हणून.

अनुपमा : ज्वारी तुम्ही सांगितलीत? मला वाटलं गाव म्हणतंय. तुम्ही नुसते गप्प बसलात, असं मी धरून चालले होते.

मल्हारी : गावाला कुठलं सुचतंय, ताई? आण्णाच. आन् दुसऱ्याच दिशी म्हणलं, हे रान सोड, खालच्या रानात बस. मेंढरं आमची गेली, झोप त्यांची उडली. असा मालक मिळायचा न्हाई.

अनुपमा : मामा, जरा पुढे या. बांधावरनं वाकून बघा. हात लावू नका.

हौसराव : मल्हारी, उनं व्हत्याल, तू निघ.

मल्हारी : काय हाय ते? कळकाट आल्यावानी दिसतंय.

अनुपमा : तांब्याचंच आहे. कारखान्यातला चिखल आहे हा. दसऱ्याच्या आधी या खाणीत ओतला आणि वर माती पसरली. तुमची मेंढरं यावर तीन आठवडे बसली. जमिनीवर आलेलं खारं चाटत राहिली. ती यानं मेली.

मल्हारी : कुणी वतला?

हौसराव : मल्हारी, ऐक माझं. पोरगी पुस्तकातलं बोलती. हिनं जल्मात कवा मेंढरू पाळलंय का? शेरात ऱ्हाऊन डोकं फिरलंय तिचं. मला म्हणती, कोटी वर्सांपूर्वी हितं गावं हुती म्हणून.

अनुपमा : मी असं म्हटलं नव्हतं. तुम्हाला माहीत आहे मी काय म्हटलं होतं.

हौसराव : बघ. बापाला उलटून बोलती.

मल्हारी : ताई, ह्यो तुमचा बाप हाय. माझा आज्जा ह्येंच्या आज्ज्याच्या रानात मेंढरं बसवायचा. आळ घेताना इचार करा.

अनुपमा : केलाय. पंधरा दिवस तोच करतेय. माझ्याकडे तपासणीचे आकडे आहेत, मामा, मोबाइलमध्ये. हे बघा.

मल्हारी : ते मला दावून काय उपेग? मला येत्यात व्हय वाचाया? उद्या दुसरा कुणी दुसरं आकडं दावील. थांबा. ह्यो बघा. भंडारा हाय, जेजुरीचा. कंबरंचा कवा सोडत न्हाई म्या. ह्यो हातात घ्या आन् बोला.

अनुपमा : मामा, यानं काही सिद्ध होत नाही.

मल्हारी : तुमच्यात नसंल हुत. माझ्यात हुतं.

हौसराव : अनू, हात लावू नको त्याला.

मल्हारी : का वो आण्णा?

हौसराव : लेकीची जात हाय. लगीन व्हायचंय तिचं. खेळ हाय का देवाचा?

मल्हारी : खोटं बोलली तर बाधंल, म्हणून भ्यालात? का खरं बोलंल म्हणून?

हौसराव : मल्हारी, तू माझ्याशी असा बोलतो?

मल्हारी : घ्या ताई.

अनुपमा : द्या इकडे. हातमोजा काढते, थांबा. मामींनी त्या दिवशी मेंढरं कुठे नेली, ते मी पाहिलं नाही. त्यामुळे त्याबद्दल मी काही बोलणार नाही. मला जेवढं ठाऊक आहे तेवढंच बोलते. मेंढरं या मातीनं मेली. ही माती माझ्या भावाच्या डंपरनं इथे आली. माझ्या वडिलांच्या सांगण्यावरनं ती इथे पडली, आणि मेंढरं मरायला लागली तेव्हा कशानं मरतायत, ते त्यांना कळलं होतं.

हौसराव : पृथ्वीचं नाव कशाला घेतलंस? एवढं सांगितलं तुला, लेकरू येणार हाय म्हणून, तरी त्याचं नाव घेतलंस!

मल्हारी : बास, आण्णा. कळलं.

हौसराव : पोटची पोर, मल्हारी. घरातलं बोलणं बाहेर काढती.

अनुपमा : मी तर बाहेरचं बोलणं घरात सांगितलं होतं, आण्णा. एवढ्या आनंदानं सांगितलं होतं.

मल्हारी : मला बोलवाया आलतात तवा आमच्या दारात बसून च्या पिला तुम्ही. रतननं केला हुता. म्हणलं, ‘मल्हारी, नवी माती हाय, मेलेली हाय, तुझ्या मेंढरांनी जित्ती कर.’ रतन हासली बी. म्हणली, आण्णा, जित्ती करतो, पर मग आम्हाला हुरड्याला बोलवा.

हौसराव : खरंच वाटलं हुतं तसं. देवाशप्पथ. मला वाटलं वरनं माती हाय, काय हुतंय. मी भरून देतो सगळं. मेंढरू अन् मेंढरू भरून देतो.

मल्हारी : मेंढरं व्हत्यात, आण्णा. पैदास व्हती त्येंची. मला येवढंच कळंना, देवीचा कोप म्हणला आसता तरी मी मानलं आसतं. तुम्ही रतनचं नाव का घेतलं?

हौसराव : ते तवा त्वांडात आलं. ती हुती त्या दिशी मेंढरांमागं. जवळचं हुतं.

मल्हारी : जवळचं हुतं. व्हय. बायकू काय, जवळचीच आसती.

अनुपमा : मामा, बसा जरा सावलीला. पाणी आणू?

मल्हारी : नगं. मेंढरं ओढ्याला उभी हायेत.

अनुपमा : या मातीचं मी वर कळवणार आहे. दादाचं जे व्हायचं ते होईल. तुम्हाला कुणी विचारायला आलं तर जे दिसलं ते सांगा. डोळे, मूत, सगळं.

हौसराव : कळव. घर बसव. मग ह्या घरात पाय ठेवायला येऊ नको.

अनुपमा : खड्डा बुजवू नका तोवर. मापं पुरी झालीत, पण उघडा राहू दे. मामा, मामींना फोन लावू का मी? तुमचा उचलत नसतील तर माझा उचलतील.

मल्हारी : काय सांगाल?

अनुपमा : आत्ता तुम्हाला सांगितलं तेच. त्यांची चूक नव्हती म्हणून.

मल्हारी : आन् मला ते कसं पटलं, म्हणून सांगाल?

अनुपमा : भंडारा हातात घेऊन सांगितलं, म्हणून.

मल्हारी : तेवढं नगा सांगू, ताई.

अनुपमा : का?

मल्हारी : तिनं बी घेतला हुता. म्या फटका मारून तिच्या हातातला सांडला.